किल्ली ट्रेनिंगला गेली होती

"हलू नका, सिस्टर. आणि बोलू तर मुळीच नका," छोटे डॉक्टर म्हणाले.

"किल्ली..." ती म्हणाली.

"किल्ली सापडेल हो. आधी मला तुमची भुवई नीट सापडू द्या."

दिव्याचा झोत सरळ डोळ्यांवर येत होता. सुई आत जाताना दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी उशीचा अभ्रा शिवत असावं तसं. पायांशी वॉर्डातली मावशी उभी होती. मावशी ही तिथली सगळ्यांत जुनी मदतनीस. घाबरली की ती रडायची नाही, बोलत सुटायची.

"मी होते ना डॉक्टर तिथं, या डोळ्यांनी पाहिलं. काही नाही, काही म्हणजे काही नाही! सिस्टर आपल्या गोड बोलतायत, चला बाई, मुलगा आलाय, नातू आलाय. आणि ही बया एकाएकी, फाडकन! तो फोनचा रिसीव्हर. जुना, काळा, दगडासारखा जड."

"एकाएकी," डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी गाठ मारली. गाठ दोऱ्याला मारली होती, पण तिला वाटलं, त्या शब्दालाच बसली. आता तो सुटायचा नाही.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर धावत आल्या. वॉर्ड त्यांच्या ताब्यात. हातात फाईल, छातीवर ट्रेनिंगचा कागदी बिल्ला अजून तसाच. बिल्ल्यावर विषय छापलेला होता: 'रुग्णांमधील आक्रमकता: समजून घेणे आणि हाताळणे'.

"अगं बाई! डोळा वाचला ना? कशामुळे झालं एवढं?"

"एकाएकी," मावशी आणि डॉक्टर एकदमच म्हणाले.

"किल्ली तुमच्या खिशात होती," ती पडल्या पडल्या म्हणाली.

मोठ्या सिस्टरांचा हात आपोआप खिशाकडे गेला. जुडगा वाजला. तिच्या खांद्यावर थोपटून त्या म्हणाल्या, "तू आता घरी जा. नंतर बोलू."

मनोरुग्णांच्या या इस्पितळात गोळ्यांपेक्षा जास्त वाटली जाणारी दोन औषधं होती. एक 'थांबा' आणि दुसरं 'नंतर'. आजवर ती दोन्ही तिनेच रोज वाटली होती. आज पहिल्यांदा घ्यावी लागली, आणि कडू लागली.

ऑपरेटरबाईंना वॉर्डात कुणी नावाने हाक मारत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म काढला होता. कानाला हेडफोन, समोर तारांचं जंगल, आणि तोंडात ते स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखे शब्द. सिस्टरने पहिल्याच दिवशी लाडाने "आजी" म्हटलं, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे लाईन तोडली होती. "आजी मी माझ्या नातवाची होईन. तुमची मी कोणी नाही. ऑपरेटर म्हणा, चालेल."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना आवाज ऐकू यायला लागले. त्या स्वतःच थट्टा करत. "आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी कानांत घेतली. आता ऑफिस सुटलं तरी लाईन कट होत नाही, दुसरं काय!" औषधांनी आवाज मागे सरले होते. अगदी गेले नव्हते, पण आता परगावच्या ट्रंककॉलसारखे पुसट येत, आणि त्यांना "आत्ता लाईन बिझी आहे" असं सांगायला त्या शिकल्या होत्या.

वॉर्डाच्या दाराशी भिंतीवर एक जुना इंटरकॉम होता. फाटकावरचा पहारेकरी त्यावरून कळवायचा, अमक्याकडे कोण आलंय. तो उचलायचा मान ऑपरेटरबाईंचा. तो त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी घेतला होता, आणि हळूहळू सगळ्यांना सोयीचा झाला होता. "नमस्कार, महिला वॉर्ड. थोडं थांबा हं, जोडून देते," असं म्हणून त्या रिसीव्हर छातीशी धरत आणि आत वळून सांगत, "खिडकीजवळच्या ताई, तुमच्या आईसाहेब लाईनवर आहेत." फाटकावरचा पहारेकरीसुद्धा त्यांच्याशी बोलताना म्हणे सरळ उभा राहायचा.

हा पुढचा वॉर्ड. घरी जाणाऱ्यांचा. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्या मैदानापलीकडच्या मागच्या इमारतीत जात. तिथून परत आलेली बाई मावशीलाही आठवत नव्हती. ऑपरेटरबाईंचं घरी जायचं ठरत आलं होतं. मुलगा राजी होता, सुनेचा पाय मागे होता. म्हणून ठरलं की त्या दुपारी सून येईल, पहिल्यांदाच बाळाला घेऊन येईल, सासूला बघेल, बोलेल आणि मग काय ते ठरवेल. सगळं त्या एका भेटीवर होतं, आणि हे ऑपरेटरबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवडाभर त्या बाळाचं नाव म्हणून बघत होत्या. नव्या पद्धतीचं, लांबलचक नाव. "काय नावं ठेवतात हल्ली! नाव आहे की पत्ता?" असं म्हणत आणि पुन्हा घोकत. कवळी घातली की ते खणखणीत निघायचं. कवळी नसली की नुसती हवा.

आणि कवळी कपाटात होती.

तोही एक नियम होता. मागे एका मुलीने शेजारणीच्या कवळीचा तुकडा पाडून आपलं मनगट कापून घेतलं. मुलगी वाचली, पण चौकशी झाली, वरून ताशेरे आले. तेव्हापासून कवळ्या, चष्मे, केसांच्या पिना, सगळं नाव लावलेल्या डब्यांत आणि डबे कपाटात. कवळ्या जेवणापुरत्या मिळायच्या; जेवण झालं की धुऊन परत. कपाटाची दुसरी किल्ली कधीच हरवली होती, तिसरी करून घ्यायची म्हणजे कारकुनाकडे खेटे घालायचे. म्हणून एकच किल्ली, आणि ती मोठ्या सिस्टरांच्या खिशात.

जेवण झाल्यावर डबी पुढे केली ती सिस्टरनेच.

"आज राहू द्या ना," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "तीन वाजता मुलगा येतोय. सून येतेय."

तिने मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्या कपाट बंद करायच्या घाईत होत्या. "एकीला दिलं की दहा जणी मागतील. तीन वाजता देऊ की. पळून जातायत का दात?"

"तीनला मी स्वतः देते, ऑपरेटरबाई," ती म्हणाली. "शब्द."

बाईंनी पाठ फिरवली, कवळी काढली, डबीत ठेवली. त्या नेहमीच पाठ फिरवून काढायच्या. मग ओठ घट्ट मिटून त्यांनी मान हलवली. शब्द पोचला, असं.

अडीच वाजता मोठ्या सिस्टरांना बोलावणं आलं की ट्रेनिंगला प्रत्येक वॉर्डातून एक जण हवाच, हजेरी लागणार आहे. त्या गेल्या. किल्ली खिशात घेऊन गेल्या. मुद्दाम नाही, आपलं घड्याळ मनगटावर जातं तशी गेली.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तीन वाजायला आले होते. तिने फोन लावला. हॉलमध्ये फोन बंद ठेवायला लावले होते. तिने मावशीला पिटाळलं. मावशी परत आली ती तणतणत. "दारावरचा माणूस आत सोडत नाही. म्हणतो, साहेब बोलतायत, मध्ये गेलं तर चालत नाही. म्हटलं, अरे, दात पाहिजेत! तर मला हसला मेला. म्हणतो, तुला का?"

"चिठ्ठी तरी आत दे म्हणायचं."

"दिली. म्हणतो, नंतर."

ऑपरेटरबाई दाराशी, इंटरकॉमखाली उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, गाऊनवर घरचा निळा स्वेटर. त्यांनी विचारलं नाही. नुसतं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "थांबा हं, येतेच आहे किल्ली." थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. ती पुन्हा म्हणाली, "थांबा." सकाळपासून किती जणींनी किती वेळा त्यांना थांबवलं होतं ते कुणी मोजलं नव्हतं. आंघोळीला थांबा, चहाला थांबा, बाथरूमला मावशी येईपर्यंत थांबा. आता त्यांची बोटं स्वेटरचं शेवटचं बटण काढत होती आणि लावत होती, काढत होती आणि लावत होती. हे तिने पाहिलं. पाहण्यासाठीच तर तिला पगार मिळत होता. पण त्याच वेळी कोपऱ्यातली मुलगी औषध थुंकत होती, शेजारची रडत होती, आणि डोक्यात एक सुई टोचत होती, की पाच वाजता पाळणाघर बंद होतं.

इंटरकॉम वाजला.

बाईंनी सवयीने उचलला, कानाला लावला, आणि काही बोलल्या नाहीत. पलीकडून पहारेकरी "हॅलो? हॅलो, महिला वॉर्ड?" म्हणत राहिला. तो आवाज तिलासुद्धा ऐकू येत होता. बाईंचा डावा हात तोंडावर गेला.

"आले वाटतं! चला बाई," मावशी उत्साहाने म्हणाली. "नातवाला ताटकळत नका ठेवू."

बाईंनी मान हलवली. नाही.

"अहो, वेळ संपेल भेटीची! सून परत जाईल, मग बसाल बोंबलत."

बाईंनी पुन्हा मान हलवली. डोळे मोठे झाले होते.

आणि तेव्हा तिने ते केलं. घरी ती दिवसातून पन्नास वेळा करायची ते. मणी, बटण, चिखल, काय सापडेल ते लेक तोंडात घाले आणि वर हात दाबून धरे, तो हात बाजूला करायचा, हसत हसत, "बघू, बघू काय आहे." त्याच हाताने, त्याच हसण्याने, तिने ऑपरेटरबाईंचं मनगट धरलं आणि तोंडावरून खाली ओढलं. "काही दिसत नाही हो. कुणाला कळणारसुद्धा नाही. बघा—"

पुढचं मावशीने डॉक्टरांना सांगितलं होतंच.

नवरा न्यायला आला. घरी पोचल्यावर त्याने चहाचं भांडं ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की चहा उडाला.

"डोळा गेला असता," तो म्हणाला.

"गेला नाही ना."

"म्हणजे जाईपर्यंत वाट बघायची? राजीनामा दे. साध्या दवाखान्यात नोकऱ्या नाहीत का? तिथं लोक ताप घेऊन येतात, फोन घेऊन मारायला येत नाहीत."

"त्यांनी मारायचं म्हणून नाही मारलं."

"मग काय करायचं म्हणून मारलं?"

तिला समजावून सांगायचं होतं. कवळी, कपाट, किल्ली, हॉल, दारावरचा माणूस. पण ते सगळं ओळीने मांडायला गेलं की ते एखाद्या खुळ्या गोष्टीसारखं वाटत होतं. आणि शिवाय कपाळ ठणकत होतं. तिला ऑपरेटरबाईंचाही राग आला होता. खरा, उघडा राग. मी काय वाईट केलं होतं तुमचं? मीच एक होते ना, किल्लीमागे धावणारी? मग मलाच का? मोठ्या सिस्टरांना मारायचं, दारावरच्या त्या माणसाला मारायचं, नियम करणाऱ्यांना मारायचं. पण ते कुणी हाताच्या अंतरावर नव्हते. हाताच्या अंतरावर नेहमी तीच असायची. तीच, नाहीतर मावशी.

चिऊ दाराआडून बघत होती. तीन वर्षांची. आईच्या भुवईवरची पट्टी बघून तिने जवळ यायला नकार दिला.

"कोणी बाऊ केला?"

"एका बाईंनी."

"का?"

"त्यांचा... त्यांचे दात कपाटात राहिले होते."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. चिऊला मात्र हे पटण्यासारखं वाटलं. ती हळूहळू पुढे आली, आईच्या मांडीवर चढली आणि आपला नेहमीचा खेळ सुरू केला. दोन बोटं आईच्या ओठांत घालून म्हणाली, "आ कर. तुझे आहेत का बघू." सध्या तिला दिसेल त्याचे दात बघायचे असत. पाळणाघरातल्या बाईंचे, दूधवाल्याचे, लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसाचेसुद्धा.

"चिऊ, असं कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि ते इतक्या जोरात म्हणाली की पोर दचकून रडायला लागली.

मोठ्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत मोठ्या सिस्टर होत्या आणि ऑपरेटरबाईंचा मुलगा होता. सून आली नव्हती. मुलगा साधा, थकलेला माणूस. खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याने तिच्या पट्टीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

"सिस्टर, आय अॅम सॉरी," तो म्हणाला. "आईच्या वतीने."

"झालं ते झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. "आता प्रश्न असा की हे विनाकारण झालं का. विनाकारण झालं असेल, तर आजार पुन्हा उसळलाय असं धरावं लागेल. मग घरी सोडता येणार नाही. सिस्टर, तुम्ही सांगा."

दोन दिवस मनात साठलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं. काहीही न गाळता. मोठ्या सिस्टरांकडे न बघता. "आणि शेवटी मी त्यांचा हात तोंडावरून ओढला," ती म्हणाली. "न विचारता. तुमच्या मुलासमोर तुम्हाला कुणी कपडे ओढून काढून उभं केलं असतं, डॉक्टर, तर तुम्हीही हातात सापडेल ते मारलं असतं."

मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "नियम मी हौसेने नाही केला. त्या पोरीने मनगट कापलं तेव्हा रक्त मी पुसलं. चौकशीत उभी मी राहिले. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही एकटीने चाळीस जणींवर डोळा कसा ठेवता. म्हणाले, कपाट करा. केलं." त्यांनी खिशावर हात आपटला. "किल्ली खिशात राहिली. राहिली! काय करू आता?"

सिस्टरचा अर्धा राग तिथेच गळाला, आणि हीच तर चीड होती. या इमारतीत कुणावर धड पुरतं रागावतासुद्धा येत नसे.

मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक. माझ्या दृष्टीने हा आजार नव्हे. हा अपमान होता. त्या घरी जायला योग्य आहेत." ते मुलाकडे वळले. "निर्णय आता तुमचा."

तिला वाटलं, जिंकलो. कपाळावरचे टाकेसुद्धा क्षणभर हलके झाले.

मुलाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "सिस्टर, मला पटतंय तुमचं. शप्पथ, पटतंय. आई तशी नाही, हे मला माहीत आहे. पण घरी बायकोला काय सांगू? ती त्या दिवशी जिन्यात होती बाळाला घेऊन. तिने तुमचं रक्त पाहिलंय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला लहान मूल आहे ना?"

"आहे. मुलगी."

"मग एकच सांगा. सिस्टर म्हणून नको, आई म्हणून सांगा. तुम्ही ठेवाल का माझ्या आईला तुमच्या घरी? उद्यापासून? तुमची मुलगी आणि ती एका खोलीत, आणि तुम्ही आत, कामात?"

ठेवेन, असं म्हणायचं होतं. शब्द तयार होता. पण मध्येच चिऊ आली. मांडीवर चढलेली, दोन बोटं पुढे केलेली. 'आ कर. तुझे आहेत का बघू.' आणि समोर ओठ घट्ट मिटलेल्या ऑपरेटरबाई, मोठे झालेले डोळे, स्वेटरच्या बटणाशी चाललेली बोटं. आणि मधे कुणी नाही. सिस्टर नाही, मावशी नाही.

"हो," ती म्हणाली.

पण तो 'हो' गाडी सुटल्यावर फलाटावर धावत आलेल्या माणसासारखा होता. मुलगा तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सुटका झाल्यासारखी एक समजूत होती. तीच बघवत नव्हती.

"कळलं," तो म्हणाला आणि उठला. "थोडे दिवस जाऊ देत. बाळ मोठं झालं की बघू. नंतर."

"मी हो म्हणाले!" ती म्हणाली. "ऐकलंत ना? मी हो म्हणाले."

"हो, सिस्टर," तो म्हणाला. "तुम्ही चांगल्या आहात."

त्यानंतर वॉर्डात सुधारणा झाल्या. इंटरकॉमभोवती लोखंडी जाळीची पेटी बसवली आणि तिला कुलूप. ती किल्लीही मोठ्या सिस्टरांच्या जुडग्यात गेली. आता इंटरकॉम वाजला की आधी मोठ्या सिस्टरांना हुडकावं लागे. त्या येईपर्यंत तो वाजून वाजून गप्प होई, आणि फाटकावर कुणाकुणाच्या आया-बहिणी ताटकळत बसत. मावशी जाळीकडे बघून म्हणायची, "आता पेटीतून काय डोकं फोडणार, कर्म! पण बोलायचं तरी कसं?" ट्रेनिंगचा दुसरा भाग पुढच्या महिन्यात ठरला. हजेरी सक्तीची होती.

ऑपरेटरबाई आठ-दहा दिवस पुढच्याच वॉर्डात होत्या. तिच्याशी बोलल्या नाहीत. कुणाशीच बोलल्या नाहीत. इंटरकॉम वाजला की त्यांचा उजवा हात चादरीवर थोडासा उचलला जाई आणि परत पडे. जेवणाला कवळी मिळायची तेव्हा त्या जेवायच्या, पाठ फिरवायच्या, डबीत ठेवायच्या.

ऑपरेटरबाईंना मागच्या इमारतीत न्यायच्या दिवशी सिस्टरची सुट्टी होती. तरी ती आली. नवऱ्याला सांगितलं, टाके दाखवायचेत.

मोठ्या सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. तिने काही मागितलं नाही. त्यांनी जुडग्यातून कपाटाची किल्ली सुटी केली आणि टेबलावर सरकवली. "घे," त्या म्हणाल्या, मान वर न करता. "हात धुऊन घे आधी."

तिने डबी काढली. कवळी ताज्या पाण्याने धुतली, बोटांनी नाही, ब्रशने, नीट. मग पलंगाशी जाऊन डबी पुढे धरली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागे जराशी खुडबुड झाली, पाण्याचा घोट, आणि मग तो आवाज आला. स्वच्छ, धुऊन वाळत घातलेला.

"फार लागलं का हो?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "हो. लागलं."

"मला वाटलंच." थोड्या वेळाने, "काय विचारलं त्याने तुम्हाला?"

तिने सांगितलं. उशिरा आलेल्या 'हो'सकट सांगितलं. ऑपरेटरबाई ऐकत राहिल्या, जशा आयुष्यभर ऐकत आल्या होत्या, मध्ये न बोलता. मग त्यांनी निळा स्वेटर गळ्यापर्यंत लावला. शेवटचं बटण होतं तिथे आता नुसता दोरा होता.

"तुमची काय चूक," त्या म्हणाल्या. "लेकरू असलं की लाईन अडकतेच."

मैदान ओलांडताना मावशीने त्यांची पिशवी घेतली होती. तिने हात धरायला पुढे केला, मग मागे घेतला, आणि विचारलं, "धरू का?" ऑपरेटरबाईंनी जरा विचार केला आणि कोपर पुढे केलं. चालता चालता त्या बाळाचं नाव म्हणाल्या. एकदाच, पूर्ण, खणखणीत, जणू पलीकडे कुणी लिहून घेतंय.

मागच्या इमारतीच्या दारात तिथली मदतनीस उभी होती. थकलेली बाई, हातात प्लॅस्टिकची डबी, झाकणावर आधीच नाव चिकटवलेलं. "दात इथंच काढून द्या बाई," ती म्हणाली. "आत चालत नाहीत. नियम आहे." आणि ऑपरेटरबाई डबी घेत नाहीत हे बघून तिने हात पुढे केला. "चला, चला, उशीर होतोय. मी काढू का?"

"हात लावू नका," सिस्टर म्हणाली.

आवाज इतका वेगळा निघाला की त्या बाईने हात मागे घेतला. "देतील त्या. त्यांना पाठ फिरवून काढायची सवय आहे. आपणही तिकडे बघूया."

मदतनीस कुरकुरत वळली. मावशीही वळली, पिशवी पोटाशी धरून. सिस्टरने मैदानाकडे तोंड केलं; हात आपसूक कपाळावरच्या टाक्यांकडे गेला. पलीकडे पुढच्या वॉर्डात इंटरकॉम वाजायला लागला होता. कुलपाच्या पेटीतून, दबलेला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

मागे डबीचं झाकण लागल्याचा बारीकसा आवाज झाला. तिने ऐकला. तरी ती वळली नाही. कपाळावरचा हात तिने तसाच ठेवला आणि थांबली, पावलं आत जाईपर्यंत.